येतानाची गोणी

आमच्या घरी कुत्र्याच्या आधी कोणी जेवत नसे. खंडोबा आमचं कुलदैवत आणि कुत्रा देवाचा. तव्यावरची पहिली भाकर निघाली की माय तिचा चतकोर मोडून दारापुढच्या दगडावर ठेवी. गावातलं एखादं कुत्रं येऊन तो उचलून नेईपर्यंत बापाचं ताट वाढलं जात नसे. पावसाळ्यात कुत्री कुठंतरी आडोशाला बसत, लवकर येत नसत. मग बाप दारात उभा राहून हाका मारी आणि भुकेनं वैतागून म्हणे, "देवाचे कुत्रे, अन् नखरे साहेबावानी." पण जेवत मात्र नसे. ही एवढीशी चाल मला कुठवर घेऊन गेली, ते लिहून ठेवावं असं पुष्कळ वर्षं मनात होतं.

चांदूर बाजारजवळ आमचा लहानसा मळा होता. वांगी, मिरची, मेथी आणि कडेला फुलझाडं. बाप भाजी घेऊन अमरावतीला जाई. घरात अक्षर ओळखणारा पहिला मीच. अमरावतीच्या शाळेत मास्तरांनी मला आधी मराठी आणि मग थोडं इंग्रजी शिकवलं. ते स्वतः फार शिकलेले नव्हते, पण जे होतं ते त्यांनी हातचं न राखता दिलं. आज मी जो काही आहे, तो त्यांच्यामुळे आणि ज्यांच्याबद्दल आता सांगणार आहे त्या माणसांमुळे.

त्या काळात अमेरिकेत लढाई पेटली होती आणि तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता. त्यामुळे आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. अमरावतीच्या बाजारात गाडीला गाडी लागे. दलाल रुमालाखाली एकमेकांचे हात धरून बोटं दाबून भाव ठरवत, आणि वर चेहरा असा की जणू काहीच चाललेलं नाही. विलायतेहून कापूस घ्यायला आलेले एक साहेब छावणीत बंगला घेऊन राहिले होते. बापाची भाजी त्यांच्या बंगल्यावर जाई. आपला मुलगा इंग्रजी शिकतो, हे बापानं तिथल्या खानसाम्याला सांगितलं, खानसाम्यानं साहेबांना, आणि मी त्यांच्याकडे मुनशी म्हणून लागलो. गाडीवाले काय म्हणतात ते साहेबांना सांगायचं आणि साहेब काय म्हणतात ते गाडीवाल्यांना, पण थोडं सौम्य करून.

मडमेची तीन कुत्री होती. त्यातलं एक उन्हाळ्यात चिखलदऱ्याला बिबट्यानं नेलं. उरली दोन. एक म्हातारा, लांब कानांचा, तांबूस रंगाचा. दुसरी धाकटी, पांढरी. साहेबांचं एकुलतं एक लेकरू छावणीच्या कबरस्तानात होतं. म्हातारा कुत्रा त्या लेकराबरोबर वाढलेला, म्हणून मडमेचा त्याच्यावर फार जीव. ती त्याच्याशी हळू आवाजात बोलत बसे. मी ते ऐकलं नाही असं दाखवत असे.

दुपारी मी बंगल्याच्या मागच्या ओट्यावर भाकर सोडी. दोघं समोर येऊन बसत. घरची सवय, म्हणून पहिला चतकोर मी त्यांना मोडून देई आणि त्यांनी तो खाल्ला की मग स्वतः घास घेई. असं होता होता दोघं खानसाम्याच्या ताटलीतलं मांस हुंगून सोडून देऊ लागली आणि माझी वाट पाहत बसू लागली. खानसामा कपाळावर हात मारून म्हणे, "मुन्शीजी, आपने तो साहब के कुत्तों को माली बना दिया!" मडमही हसायची. त्या बंगल्यात हसू फार नव्हतं, त्यामुळे मला ते लक्षात आहे.

मग अमेरिकेतली लढाई संपली. भाव असा उतरला की ज्यांनी चढ्या भावानं माल भरून ठेवला होता त्यांची तोंडं एका हंगामात उतरली. बाजारात गाड्या येत, पण रुमालाखाली हात घालायला कोणी पुढे होत नसे. साहेबांना विलायतेहून परत यायचा हुकूम आला.

देश सोडताना म्हातारा घोडा, म्हातारं कुत्रं मागं हाल सोसत राहू नये म्हणून गोळी घालून मोकळं व्हायचं, अशी साहेब लोकांत चाल होती. त्यात त्यांना दुष्टपणा वाटत नसे. साहेबांनी बंदूक पुसायला काढली त्या दिवशी मडम कुत्र्यांना घेऊन खोलीत गेली आणि आतून कडी लावून घेतली. जेवायलाही बाहेर आली नाही. संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं.

"कुत्री तुझ्याच हातनं खातात," ते म्हणाले. "तू आमच्याबरोबर विलायतेला चल. ती पोचली की तुला परत पाठवतो. मग मुंबईच्या कॉलेजात तुझी सोय लावणं माझ्याकडे."

मला त्या रात्री झोप लागली नाही. शाळा संपली होती आणि पुढं शिकायला वाट नव्हती. ती वाट अशी समोर येईल असं मला वाटलं नव्हतं.

घरी गेलो आणि सांगितलं. माय भाकर थापत होती. तिचा हात थांबला.

"कुत्र्याईले पोचवाले माणूस लागते?" ती म्हणाली. "माणसाले पोचवाले त गावाच्या शिवेपरेंत कोणी येत नाई."

बाप म्हणाला, "नशीब पाय कुत्र्याईचं. आगबोटीत बसतेत. आपल्याले एलिचपूरले जाचं म्हनलं त गाडीत हाडं मोडतेत."

पण हसण्यावारी जाणारी ही गोष्ट नव्हती. माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक अकोल्याच्या घराशी जुळत आली होती. घरातला मुलगा समुद्र ओलांडून जातो म्हटल्यावर जातीत काय म्हणतील? बाप मला घेऊन जातीच्या थोरल्या पंचांकडे गेला. ते बापाचे मामा. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. त्यांनी सगळं ऐकलं आणि चिलीम ओढली.

"समुद्राचं आमाले काई मालूम नाई," ते म्हणाले. "आपल्यातल्या कोनं पाह्यलाच नाई त कायदा कुठून असन? पन खाण्याचा कायदा हाय. घरचं नेशीन, घरचं खाशीन, तं येऊन डोकं भादर, आंघोळ कर अन् बस पंगतीत. परक्याच्या हातचं खाल्लं तं उठला पंगतीतून. तू बी, अन् तुयासंग जेवन तो बी."

"आन पाणी, आबा?" मी विचारलं.

"काय बे, इंग्रजी शिकला का झक मारली? समुद्रात पाण्याची काय कमी?"

समुद्राचं पाणी खारट असतं, हे सांगायचं मला धाडस झालं नाही. वाहत्या पाण्याला दोष नसतो, एवढं मात्र आबांनी बजावून सांगितलं, आणि ते माझ्या सोयीचं होतं.

मायनं आणि बहिणीनं सातू भाजून दळले. हरभरे भाजले, फुटाणे केले, गुळाच्या ढेपा फोडल्या. दोन गोण्या भरल्या. एकीचं तोंड पांढऱ्या दोरीनं शिवलं, दुसरीचं लाल.

"हे पांढरी जातानाची," माय म्हणाली. "लाल येतानाची. येतानाचीले हात लावू नको, बापा. कितीबी भूक लागली तरी नको."

बडनेऱ्याला तेव्हा आगगाडी नुकती येऊ लागली होती. बाप तिथवर बैलांच्या दमणीनं आला. कुत्र्यांना गार्डाच्या डब्यातल्या लाकडी खोक्यात घालायचं होतं. म्हातारा आत जाईना. मी गोणी सोडून सातूचा गोळा करून आत ठेवला तेव्हा गेला. बाप ते पाहत होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण गाडीनं शिट्टी दिली आणि तो दचकून मागं सरला.

अकोल्याच्या स्टेशनावर बहिणीचे होणारे सासरे मुद्दाम भेटायला आले होते. फलाटावर कापसाच्या न उचललेल्या गाठी पडल्या होत्या. त्यांच्या आडोशाला उभं राहून ते म्हणाले, "जाऊन राहिले, जा. शिका, मोठे व्हा. पन पोरगी आमच्या घरात येनार हाय, येवढं ध्यानात ठेवा." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. गाडी हलल्यावर मी दोन्ही गोण्या पायांशी ओढून घेतल्या.

मुंबईला आम्ही आगबोटीत बसलो. बोटीवर कुत्र्यांची व्यवस्था खाटकाकडे असते, हे मला तिथे कळलं. जिवंत मेंढ्या आणि कोंबड्या बोटीवर बरोबर नेत, त्यांना तो कापी, आणि प्रवाशांची कुत्रीही त्याच्याच स्वाधीन. त्याच्या कोठडीशेजारी जाळीचे पिंजरे होते. तो अबोल, पांढऱ्या दाढीचा माणूस होता. कुत्र्यांना तो मेंढ्यांची आतडी आणि खलाश्यांची कडक बिस्किटं देई. इतर साहेबांची कुत्री ती खात. आमची दोन्ही तोंड फिरवून बसली.

वाफेचा आणि रक्ताचा वास, खालून सतत घरघर, जमीन हलते आहे. म्हातारा तर डोळेच उघडेना. मी पहिल्या दिवशी उपाशी राहिलो. दोघांनी घास घेतल्याशिवाय आपण घ्यायचा नाही हे माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की दुसरं सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या दोरीची गोणी सोडली, सातू पाण्यात कालवून गूळ घातला आणि दोन गोळे जाळीतून आत सरकवले. धाकटीनं खाल्ला. मग म्हाताऱ्यानं. मग मी. पुढं रोज असंच. आधी त्यांचे दोन, मग माझा एक. घरी एका चतकोरानं देवाचं भागत असे. इथे तो चतकोर म्हणजे त्या दोघांचं सगळं पोटच झालं होतं, आणि ते माझ्या लक्षात यायच्या आत पांढरी गोणी अर्ध्यावर आली.

साहेब एकदा खाली आले. म्हणाले, "तू काय खातोस? बोटीवरच्या खानसाम्याला सांगू का?"

"नको, साहेब. घरचं आहे."

ते समाधानानं हसले आणि गेले. त्यांना वाटलं, पुरेसं आहे.

एडन सोडल्यावर तांबड्या समुद्रात जी उष्णता सुरू झाली, तिच्यापुढे अकोल्याचा वैशाख बरा. म्हाताऱ्याची जीभ बाहेर आली ती आत गेलीच नाही. मी त्याच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवून बसत असे. एका सकाळी त्यानं गोळा हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली टाकली. खाटकानं त्याला जुन्या गोणपाटात गुंडाळलं, पायाशी दगडी कोळसा बांधला आणि कठड्यावरून सोडलं. मडमेला साहेबांनी वरून खाली येऊ दिलं नाही. त्या दिवशी मी काही खाल्लं नाही, आणि धाकटीनंही नाही.

सुएझला उतरलो तेव्हा पांढरी गोणी रिकामी होती. तिथून वाळवंटातून आगगाडी आणि मग पुन्हा दुसरी बोट. धाकटी आता अगदीच हट्टी झाली. माझा हात हलला नाही तर पाण्यालाही तोंड लावीना. मडम पिंजऱ्यापाशी येऊन बसे. तिच्या चेहऱ्यावर आता एकच भीती होती, हीही जाईल. ती माझ्या हाताकडे पाहत राही.

मी लाल दोरी कापली.

मायचा शब्द मला आठवत नव्हता असं नाही. पण समोर भुकेलं जनावर बसलं आहे आणि हातात अन्न आहे, तेव्हा काय करायचं हे त्याच मायनं मला रोज दारातल्या दगडावर शिकवलं होतं. मी स्वतःचा गोळा लहान लहान करत गेलो. पुढे फुटाण्यांवर राहिलो. मग गोणी झटकून जे पीठ निघालं ते सगळं धाकटीचं झालं. विलायत अजून लांब होती आणि हवा इतकी गार की माझे दात वाजत. मी उभा राहिलो की डोळ्यांपुढे अंधारी येई.

त्या बोटीवरही कुत्री खाटकाच्याच हवाली होती. तो खाटीक पहिल्यापेक्षा तरणा होता. त्यानं पाहिलं असावं. एके दिवशी धाकटीनं न खाल्लेल्या बिस्किटांची ताटली त्यानं पिंजऱ्यातून काढली, ती फेकायला म्हणून कठड्याकडे नेली आणि मधेच वळून माझ्यापुढे ठेवली. बिस्किटं दगडासारखी होती. मी एक पाण्यात भिजवलं आणि खाल्लं. त्याला चव नव्हती. धाकटी जाळीतून पाहत होती, आणि मी खाल्ल्यावर तिनंही एक खाल्लं.

विलायतेत साहेबांच्या वडिलांचं घर एका ओल्या, करड्या गावात होतं. दार उघडताच धाकटी आत धावली आणि चुलीपुढे जाऊन पडली. स्वयंपाकीणबाईनं तिच्यापुढे वाडगं ठेवलं. माझ्याकडे न पाहता ती खाऊ लागली. मडम भिंतीला टेकून रडली. मला समाधान वाटलं, आणि त्या समाधानाखाली दुसरं काहीतरी होतं, त्याला मी अजून नाव देऊ शकलेलो नाही. साहेबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांनी दिलेला शब्द पुढे तंतोतंत पाळला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही.

येताना मी बोटीवरचंच खाल्लं. लाल दोरीचा तुकडा तेवढा खिशात होता.

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दारापुढे जात जमली. अकोल्याचेही आले होते. मी डोकं भादरलं होतं, अंघोळ केली होती. आबांनी ताटात भंडारा आणि बेल ठेवला.

"उचल अन् सांग," ते म्हणाले. "घरचं पुरलं का?"

मी काही बोलायच्या आत माय दाराआडून म्हणाली, "पुरलं. मी सोता भरलं व्हतं. दोन गोन्या."

"तुले नाई इचारलं, बाई. त्याले इचारलं."

हळदीत हात घालून खोटं बोलणं मला शक्य नव्हतं. मी सगळं सांगितलं. पहिला घास कुत्र्याचा ही आपल्याच घरची चाल, देवाची चाल, तिच्यापायीच हे झालं, हेही सांगितलं. हे ऐकल्यावर ते समजून घेतील अशी माझी खात्री होती.

"मंग तू काय खाल्लं?" आबांनी विचारलं.

"बिस्कूट. कुत्र्यांसाठी होतं ते."

मागं पोरं फिसकन हसली. एक म्हातारा उठून उभा राहिला. "म्हंजे घरचं कुत्र्याले चारलं, अन् कुत्र्याचं आपन खाल्लं? वा रे इंग्रजी!"

"देवाचा कुत्रा हाय ना पन तो," बाप हळूच म्हणाला.

"साहेबाचा कुत्रा देवाचा कसा व्हईन?"

यावर बराच वाद झाला. खंडोबाचा कुत्रा कोणता, दारी येईल तो का पाळलेला तो, परमुलखातलं कुत्रं आपल्या देवाचं होतं की नाही. एकानं तर विचारलं, की ते कुत्रं आपली भाषा समजत होतं का. कोणी थट्टा करत नव्हतं. माणसं खरोखर वाट शोधत होती. आबांनी डोळे मिटले होते. शेवटी ते म्हणाले, "पहिला घास देला, ते चांगलं केलं. आखरीचा बी देला, तिथं फसला. मी तुले येताना पाह्यलं तं छाती भरून आली व्हती, बाबू. पन कायदा मीच सांगतला व्हता." आणि त्यांनी भंडाऱ्याचं ताट मागं ओढलं. मी पंगतीतून उठलो होतो. अकोल्याचे पाहुणे खाली पाहत होते.

बहिणीचं लग्न व्हायला हवं होतं, म्हणून मीच बापाला म्हटलं की मला बाजूला ठेवा. लग्नात मी मांडवाबाहेर विहिरीच्या काठाशी उभा होतो आणि तिथूनच अक्षता टाकल्या. त्या मांडवापर्यंत पोचल्या नाहीत. गावातल्या पोरांनी माझं नाव 'बिस्कूट' ठेवलं. सुट्टीत मी मुंबईहून येई, तेव्हा गोठ्याच्या पडवीत माझं पान असे. माय वरून भाकर सोडी, हाताला हात लागू न देता. मी जेवून उठेपर्यंत ती उंबऱ्याच्या आत बसून राही आणि मगच आपलं ताट घेई. मी कितीदा म्हटलं, तू जेव. ती ऐकत नसे.

काही वर्षांनी मी पदवीधर झालो. आमच्या मुलखात असं कोणी पूर्वी झालेलं नव्हतं. मी काळा झगा घालून आलो, कारण मायला तो पाहायचा होता. आबा काठी टेकत आले, माझ्या पाठीवरून हात फिरवला, सगळं गाव आलं. मी अमरावतीहून पेढे आणले होते. प्रत्येकानं दोन्ही हातांनी पेढा घेतला, कपाळाला लावला, चार चांगले शब्द सांगितले आणि जाताना तो हळूच दारातल्या दगडावर ठेवला. संध्याकाळपर्यंत त्या दगडावर पेढ्यांचा ढीग झाला. कुत्री भांडत होती.

सगळे गेल्यावर मायनं शेवटचा पेढा माझ्या हातातून घेतला. वरून नव्हे, हातातून. तो बराच वेळ तळहातावर धरला. मुलीचं सासर सांभाळायचं होतं, तिला तो खाता येणार नव्हता हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. तिनं तो मोडला, सगळाच्या सगळा समोरच्या कुत्र्याला घातला, आणि त्यानं खाल्ल्यावर ती उठली.

बोटांना पेढा चिकटलेला होता. माझ्या हातचं शिवल्यावर तिनं हात धुवायला हवे होते. रांजण दारातच होता. ती त्याच्यावरून तशीच आत गेली, परात पुढे ओढली आणि पीठ मळायला घेतलं. त्या भाकरी त्या रात्री सगळं घर जेवलं.